अग्निपक्ष्याचा पोशाख बेतताना

नाचाचे पोशाख शिवते म्हटलं की भरतनाट्यमचे पंखे आणि लावणीच्या शिवलेल्या नऊवारी, असंच आपल्या मंडळींना वाटतं. ते काम मी करतेच. पण इथे लंडनमध्ये गेली काही वर्षं रशियन लोककथांवरच्या नाचांचे पोशाखही माझ्याकडे येतात आणि त्यांत डोकं जास्त चालवावं लागतं. ते कसं, हे थोडक्यात सांगते.

सुरुवात कथेतल्या पात्रापासून करायची. सोनेरी पिसांचा अग्निपक्षी, कोंबडीच्या पायांवर उभ्या असलेल्या झोपडीत राहणारी बाबा यागा, गुणी वासिलिसा. या कथा अफनास्येव यांनी १८५५ ते १८६३ या काळात छापून प्रसिद्ध केल्या. त्यांना डोळ्यांपुढचं रूप दिलं ते चित्रकार इव्हान बिलीबिन यांनी. १९०२ ते १९०४ मध्ये उत्तर रशियातल्या खेड्यांतून हिंडून त्यांनी जुने कपडे आणि भरतकाम पाहिलं, जमवलं. म्हणून पोशाख बेतण्याआधी मी त्यांची चित्रं पुढ्यात ठेवते.

मूळ पोशाखाचे तीन भाग. आतला लांब बाह्यांचा सदरा म्हणजे रुबाखा. हातमागाचं कापड अरुंद असे, म्हणून तो सरळ पट्ट्यांचाच बेतत. कापड वाया जात नसे. काखेत चौकोनी तुकडा जोडलेला, पुष्कळदा लाल. आपल्या जुन्या कुडत्यालाही तो असे. या तुकड्यामुळे हात डोक्यावर नेला तरी सदरा कमरेतून वर ओढला जात नाही. नाचणाऱ्याला याहून अधिक काय हवं?

त्यावर बिनबाह्यांचा, खांद्यावर पट्टे असलेला घोळदार सराफान. इथे नाच कोणता, हे आधी विचारावं लागतं. १९४८ साली नादेज्दा नादेज्दिना यांनी स्थापन केलेल्या ‘बेर्योझ्का’ या नृत्यसंचातल्या मुली चवड्यांवर इतकी बारीक पावलं टाकतात की त्या पाण्यावरून तरंगत गेल्यासारख्या वाटतात. पाऊल दिसलं की जादू संपली. म्हणून अशा सराफानची उंची नाचाचे बूट घालूनच मोजायची आणि घेर जमिनीपासून जेमतेम बोटभर वर ठेवायचा. उड्या असतील तर मात्र तो आखूड हवा.

तिसरा भाग डोक्यावरचा कोकोश्निक. बकरमवर कापड चढवून, वर मणी लावून तो करता येतो. पण जुन्या रीतीप्रमाणे डोकं पूर्ण झाकणारा कोकोश्निक विवाहितेचा. कुमारिकेची पट्टी वरून उघडी आणि वेणी मोकळी. दहा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात नाचासाठी मंगळसूत्र घातलेलं आपल्याला खटकेल ना? तसंच हे. रंगमंचावर हा फरक पुष्कळदा पाळत नाहीत. मी मात्र नृत्यशिक्षिकेला तो सांगते आणि लहान मुलींसाठी उघडी पट्टीच सुचवते.

मग बदलायचं काय? नाचाला जे जड जातं ते. १९१३ साली पॅरिसमध्ये झालेल्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’साठी निकोलाय रोरिक यांनी लोकरीचे पोशाख काढले. ते दिसायला अस्सल होते, पण त्यांत नर्तक उकाड्याने हैराण झाले. (हेच रोरिक पुढे कुलूजवळ नग्गरला राहिले आणि १९४७ साली तिथेच वारले.) त्यातले काही पोशाख इथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे आहेत. उलट १९१० च्या ‘फायरबर्ड’मध्ये लेऑन बाक्स्ट यांनी अग्निपक्ष्याला नेहमीचा बॅलेचा झगा न देता झिरझिरीत विजार आणि पिसं दिली. पात्र ओळखू आलं आणि पायही मोकळे राहिले.

माझा नियम यातूनच ठरला. कापड, वजन, हूक-बटणं खुशाल बदलावीत. पण ती बाई कोण आहे हे सांगणारी खूण बदलू नये. आपली नऊवारी शिवतानाही मी हाच नियम पाळते.

तुमच्या मुलांच्या शाळेतून असा पोशाख मागितला, तर शिंप्याकडे जाण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्या: पात्र कोणतं, पावलं कशी आणि हात किती उंच जाणार. आणि मुलं वाढत्या अंगाची, तेव्हा शिवणीत माया भरपूर सोडायला सांगा.