पडद्यावरील चेंडूची घडण

दूरचित्रवाणीच्या काळ्या पडद्यावर एक पांढरा ठिपका इकडून तिकडे सरकतो, फळीवर आपटून परत फिरतो, आणि फळी चुकली की प्रतिपक्षाला एक गुण मिळतो. एवढासा खेळ तयार करणे ते काय मोठे काम, असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु ज्याने असा खेळ पूर्वी कधी रचलेला नाही, त्याच्यापुढे पहिलाच प्रश्न उभा राहतो तो हा की, पडद्यावर ठिपका उमटवावयाचा कसा, आणि उमटलेला ठिपका हलवावयाचा कसा? ॲलन ॲल्कॉर्न या तरुण अमेरिकन अभियंत्यापुढे 1972 साली नेमका हाच प्रश्न होता.

ॲल्कॉर्नने बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाची पदवी आदल्याच वर्षी घेतली होती. नोलन बुशनेल व टेड डॅबनी यांनी नुकत्याच काढलेल्या अटारी या कंपनीत तो अभियंता म्हणून दाखल झाला. व्हिडिओ गेमच्या कामात तो सर्वस्वी नवशिका होता. त्याचा हात बसावा म्हणून बुशनेलने त्याला एक सोपा धडा दिला : दोन फळ्या, एक चेंडू आणि गुणफलक, एवढ्यावर चालणारा खेळ करावा. जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी अशा घरगुती खेळाचा करार झाला आहे, अशी थापही त्याने सोबत ठेवून दिली. वास्तविक असा करार कधी झालाच नव्हता. केवळ सरावासाठी दिलेले काम शिष्य मन लावून करणार नाही, अशी शंका गुरूस आली असावी! खेळाची कल्पनाही अगदी नवी नव्हती. राल्फ बेअर यांच्या संशोधनातून निघालेल्या मॅग्नावॉक्स कंपनीच्या यंत्रावर टेनिससारखा एक खेळ बुशनेलने त्याच वर्षी मे महिन्यात पाहिला होता. त्यावरून पुढे न्यायालयात वादही झाला व 1976 मध्ये तडजोड होऊन तो मिटला.

बुशनेलने 1971 मध्ये केलेल्या ‘कॉम्प्युटर स्पेस’ या खेळाच्या मंडलांचे आराखडे ॲल्कॉर्नला पाहावयास मिळाले. परंतु ते त्याला वाचताच येईनात. तेव्हा ते बाजूस सारून त्याने स्वतःच नवी मांडणी करावयास घेतली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या यंत्रात संगणक नव्हता आणि आज्ञावलीही नव्हती. होत्या त्या सुमारे सत्तर चिप. मोजणी करणे आणि ‘होय की नाही’ एवढा निर्णय देणे हेच त्यांचे काम. चित्र साठवून ठेवण्याची सोय नसल्यामुळे सारा भार वेळेच्या हिशेबावर टाकावा लागला. त्या काळच्या दूरचित्रवाणी संचात इलेक्ट्रॉनांची शलाका पडद्यावर डावीकडून उजवीकडे एकेक ओळ आखीत वरून खाली येई. अमेरिकन पद्धतीत अशी फेरी सेकंदाला साठ वेळा होई, आणि एक ओळ आखावयास सेकंदाचा दहा लाखावा भाग घेतला तर तसे जेमतेम चौसष्ट भाग लागत. शलाका ठराविक ओळीवर, ठराविक जागी आली की क्षणभर तिचा जोर वाढवावयाचा. तेथे पांढरा ठिपका दिसतो. चेंडू म्हणजे शलाकेच्या प्रवासातील असा नेमका साधलेला क्षण होय.

मग तो चालतो कसा? एखाद्या घरातील दोन घड्याळांपैकी एक बरोबर चालते व दुसरे रोज दोन मिनिटे मागे पडते, अशी कल्पना करावी. दुसऱ्या घड्याळाचे बाराचे ठोके पहिल्याच्या मानाने रोज थोडे उशिरा पडतील. त्याचप्रमाणे चेंडूचा क्षण मोजणारे मंडल शलाकेच्या फेरीपेक्षा किंचित अधिक मोजावयास लावले, तर प्रत्येक नव्या चित्रात ठिपका थोडा पुढे उमटतो. कमी मोजले तर मागे. दोन्ही मोजण्या समान राहिल्या, तर चेंडू जागीच उभा राहतो.

आजचा विद्यार्थी हाच खेळ संगणकावर रचतो, तेव्हा चेंडूचे स्थान ही त्याच्या दृष्टीने एक संख्या असते आणि वेग ही दुसरी. प्रत्येक चित्रागणिक पहिलीत दुसरी मिळवावयाची व भिंत लागली की वेगाचे चिन्ह उलटावयाचे, एवढे त्याने केले की चेंडू धावू लागतो. मात्र चेंडू धावला म्हणजे खेळ साधला असे होत नाही. पहिल्या आनंदाचा भर ओसरला की तो कंटाळवाणा वाटू लागतो, आणि नवशिक्याची खरी परीक्षा तेथे सुरू होते.

ॲल्कॉर्नलाही तसेच वाटले. म्हणून त्याने फळीचे आठ भाग कल्पिले. चेंडू मधल्या भागांवर लागला तर सरळ परतावा, कडेच्या भागांवर लागला तर तिरकस जावा, अशी योजना केली. त्यामुळे खेळाडूस नेम धरण्यास वाव मिळाला. टोलवाटोलवी लांबली की चेंडूचा वेग वाढे. फळ्यांच्या मंडलात मात्र एक दोष राहिला होता : त्या पडद्याच्या अगदी वरच्या कडेपर्यंत पोचत नसत. तो दोष ॲल्कॉर्नने काढला नाही. वरची ती फट बुजवली असती, तर दोन तरबेज खेळाडूंचा डाव संपलाच नसता! आवाजाच्या बाबतीत बुशनेलला प्रेक्षकांच्या जयघोषाची हौस होती, तर डॅबनीला हुर्यो हवी होती. दोन्हींसाठी जागा नव्हती व सामग्रीही नव्हती. तेव्हा मंडलात आधीच निर्माण होत असलेल्या कंपनांतून ॲल्कॉर्नने टोल्याचे ते प्रसिद्ध टक-टक वेचून काढले.

सुमारे तीन महिन्यांत यंत्र तयार झाले, पण त्याचे समाधान होईना. घरगुती वस्तूसाठी इतक्या चिप म्हणजे भलताच खर्च. आपण दिलेल्या कामात नापास झालो, अशी त्याची समजूत झाली. बुशनेल व डॅबनी मात्र त्या खेळात रंगून गेले होते. त्याला ‘पाँग’ असे नाव मिळाले. दुकानातून आणलेला कृष्णधवल दूरचित्रवाणी संच लाकडी पेटीत बसवून ते यंत्र सनीव्हेल गावच्या ‘अँडी कॅप्स’ या मद्यगृहात ठेवण्यात आले. थोड्याच दिवसांत तेथून निरोप आला की, यंत्र बंद पडले आहे. ॲल्कॉर्नने जाऊन पेटी उघडली. मंडलात काहीच बिघडले नव्हते. पाव डॉलरच्या नाण्यांनी गल्ला तुडुंब भरून गेला होता, आणि नवे नाणे आत जावयास जागाच उरली नव्हती.