अत्तर कशासाठी? सुगंध लावण्यामागची आपापली कारणे



लग्नमुंजीच्या मांडवात, हळदीकुंकवाच्या बैठकीत, उत्सवातील सभेच्या अखेरीस आलेल्यांच्या हाताला अत्तर लावावे व गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडावे, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. बहुतेक मंडळी हसतमुखाने हात पुढे करतात. काही जण मात्र हात मागे घेतात. कोणी म्हणतो, "आता या वयात कशाला?" कोणी काहीच बोलत नाही. माणसे सुगंध का लावतात आणि काही जण तो का टाळतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

गंधविद्येचा वारसा

सुगंध ही केवळ श्रीमंतांची चैन आहे, हा समज खरा नव्हे. न्याय व वैशेषिक दर्शनांत गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला आहे. पंचोपचार पूजेत पहिला मान गंधाचाच आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त 'गंधयुक्ती' या नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडल्यास १,८२० मिश्रणे होतात, असा हिशेबही त्यात आढळतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात राजाच्या उपभोगांमध्ये सुगंधी लेपांचे सविस्तर वर्णन आहे.

मराठी वाचकांना विशेष अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथे नमूद करावीशी वाटते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी 'गंधवाद' या संस्कृत ग्रंथाच्या दुर्मीळ हस्तलिखिताचा परिचय अभ्यासकांना करून दिला. या हस्तलिखितात मूळ ग्रंथासोबत मराठी टीका आहे. म्हणजे सुगंधी द्रव्ये कशी सिद्ध करावीत हे आपल्या भाषेत समजावून सांगण्याची गरज काही शतकांपूर्वीच कोणाला तरी वाटली होती.

आपल्या बालाघाट जिल्ह्यालाही सुगंधाची पारख नवी नाही. येथील चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात त्याच्या सुवासाचा वाटा मोठा आहे. चिन्नोर कोणाच्या घरी शिजतो आहे, हे शेजाऱ्यास सांगावे लागत नाही.

पहिले कारण : आठवण

अन्य इंद्रियांच्या तुलनेत घ्राणेंद्रियाचा स्मृतीशी संबंध अधिक निकटचा आहे. नाकातून निघालेली गंधाची संवेदना मेंदूच्या ज्या भागांत प्रथम पोहोचते, ते भाग भावना व स्मृती यांच्या केंद्रांना लागूनच आहेत. मनुष्याच्या नाकात गंध ओळखणारे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक असतात. अशा ग्राहकांचा शोध लावल्याबद्दल रिचर्ड ॲक्सेल व लिंडा बक या शास्त्रज्ञांना २००४ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. एखादा वास येताच वीस-तीस वर्षांपूर्वीचे घर, माणसे आणि बोलणे जसेच्या तसे उभे राहते, ते या रचनेमुळे.

आमच्या परिचयातील एक वृद्ध गृहस्थ उन्हाळ्यात केवळ वाळ्याचे अत्तर लावतात. त्यांच्या दिवंगत पत्नी पिण्याच्या पाण्याच्या माठात वाळ्याची जुडी सोडीत असत. "अत्तर लावले की घरात पाणी भरलेले आहे असे वाटते," एवढेच ते सांगतात. या उत्तराला शोभेचे कारण कसे म्हणावे?

मातीच्या अत्तराचेही असेच आहे. उत्तर प्रदेशातील कन्नौज येथे भाजलेल्या कोरड्या मातीपासून अत्तर काढतात. तांब्याच्या डेगेत माती व पाणी घालून ती तापवितात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते आणि तेथील चंदनतेलात तिचा गंध मुरतो. पहिल्या पावसाच्या या वासाला १९६४ साली दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी 'पेट्रिकोर' असे नाव दिले, तेव्हा त्यांनीही या भारतीय अत्तराची दखल घेतली होती. गाव सोडून दूरच्या शहरी कामास गेलेल्या शेतकऱ्याच्या मुलाने असे अत्तर लावले, तर त्याचे कारण कोणी त्याला विचारू नये.

दुसरे कारण : स्वतःचे मन

पुष्कळ जण कोणासाठी नव्हे, तर स्वतःसाठी सुगंध लावतात. एक सेवानिवृत्त शिक्षक दिवसभर घरीच असले, तरी स्नान होताच कानामागे अत्तराचा फाया ठेवतात. शाळेत जाताना लागलेली ही सवय त्यांनी सोडलेली नाही. त्यामुळे दिवस सुरू झाल्यासारखा वाटतो, असे ते म्हणतात. दीर्घ आजारातून उठलेला मनुष्य कधी प्रथम अत्तराची कुपी मागतो, त्यामागेही हीच भावना असते : आपण पुन्हा माणसांत आलो.

तिसरे कारण : समोरच्याचा मान

पूर्वी दरबारात निरोप देताना अत्तर व विडा देण्याची प्रथा होती. पाहुण्याला सुगंध देणे म्हणजे 'तुमचे येणे आम्हांस प्रिय वाटले' असे न बोलता सांगणे होय. भेटीस जाताना स्वच्छ होऊन, थोडा सुगंध लावून जाणे हाही त्याच सौजन्याचा भाग आहे. मात्र येथे एक विवेक आवश्यक आहे. शेतातून किंवा कामावरून थेट आलेल्या माणसाच्या घामाकडे पाहून नाक मुरडणे हा सुगंधाचा संस्कार नव्हे. घाम हा कष्टाचा आहे. त्याची लाज कष्ट करणाऱ्याने बाळगण्याचे कारण नाही.

हात मागे का घेतला जातो?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ब्रह्मचाऱ्याने गंध व पुष्पमाला वर्ज्य कराव्यात असा नियम मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. तो नियम विद्यार्जनाच्या काळापुरता होता. व्रत पुरे झाले की तो सुटत असे. विधवा स्त्रीच्या वाट्याला मात्र हाच त्याग जन्मभरासाठी आला, आणि तिची इच्छा कोणी विचारली नाही. स्वेच्छेने केलेला त्याग व्रत ठरतो. दुसऱ्याने लादला, तर तो दंडच होय.

आमच्या पाहण्यातील एका भगिनींना मोगऱ्याचे अत्तर अतिशय प्रिय होते. पती निवर्तल्यावर त्यांना अत्तर लावू नका असे कोणीही सांगितले नाही. केवळ अत्तरदाणी त्यांच्यापुढे येईनाशी झाली. ओळीत बसलेल्या बायकांना अत्तर लावणारी व्यक्ती त्यांच्यापाशी आली, की पुढच्या बाईकडे वळे. असे काही वेळा घडल्यावर त्या स्वतःच मागच्या रांगेत बसू लागल्या. त्यांना मोगरा आवडेनासा झाला होता, असे मात्र नव्हे.

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे यांसारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. महाराष्ट्र शासनाने त्याच महिन्यात अन्य ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. आपला तालुका मध्य प्रदेशात असला, तरी घरोघरीच्या चालीरीती फारशा वेगळ्या नाहीत. ठराव बांगडी व कुंकवाबद्दल होऊ शकतो. अत्तराचा एक थेंब मात्र आपापल्या मांडवात, आपापल्या हातानेच पुढे करावा लागतो.

काही व्यावहारिक सूचना

१. अत्तर तेलयुक्त असल्याने त्याचा सुगंध हळूहळू पसरतो. मनगटावर वा कानामागे एक थेंब पुरे होतो. फवाऱ्याच्या सेंटमध्ये मद्यार्क असल्याने ते लवकर उडते.

२. आपण लावलेला वास काही मिनिटांत आपल्या नाकाच्या अंगवळणी पडतो व आपल्याला येईनासा होतो. इतरांना तो येतच असतो. म्हणून पुन्हा पुन्हा लावू नये.

३. दमा, अर्धशिशी असणाऱ्यांना व लहान बालकांना उग्र वासाचा त्रास होतो. बंद जागेत, गर्दीत सौम्य सुगंधच असावा.

४. नव्या अत्तराने त्वचेस खाज वा लाली आली, तर ते तात्काळ धुऊन टाकावे.

५. चंदनाचे खरे तेल महाग आहे. अगदी स्वल्प किमतीत 'शुद्ध चंदन' मिळत असेल, तर सावध असावे.

विनंती

आपल्या घरच्या व सार्वजनिक कार्यक्रमांत अत्तरदाणी ओळीतील प्रत्येकापुढे, कोणालाही न वगळता, धरली जावी. वय, वेश वा कपाळ पाहून हात पुढे जाऊ नये. ज्यांना अत्तर नको असेल त्यांनी नम्रपणे नको म्हणावे, त्यांना कारण विचारू नये. ज्यांना हवे असेल त्यांनाही कारण विचारू नये. कोणाला दिवंगत माणूस आठवतो, कोणाला आपले शेत, कोणाला नुसतेच बरे वाटते. ही कारणे ज्याची त्याच्याजवळ असू द्यावीत.

आपला नम्र,
सचिव, विश्वस्त मंडळ
लालबर्रा, जि. बालाघाट (म. प्र.)