ट्रॅक्टरचे गिअर ऑईल : घरी बदलताना आणि सिंथेटिक घेताना

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याची ती सेवा होय. बुलढाणा जिल्ह्यात आता नांगरणीचे व वाहतुकीचे पुष्कळसे काम ट्रॅक्टरकडे गेले आहे. इंजिनाचे ऑईल बहुतेक शेतकरी वेळेवर बदलतात. परंतु ज्या भागावर सारा भार पडतो, त्या गिअर बॉक्समधील तेलाकडे मात्र लिफ्ट उचलेनाशी होईपर्यंत कोणी पाहत नाही.

हे तेल एकाच वेळी अनेक कामे करते. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअर बॉक्स, डिफरन्शिअल आणि हायड्रॉलिक लिफ्ट या तिन्हींना एकच तेल पुरविले जाते. शिवाय ज्या ट्रॅक्टरांना तेलात बुडालेले, म्हणजे ‘वेट’ ब्रेक असतात, त्यांपैकी पुष्कळांच्या ब्रेकच्या चकत्याही याच तेलात फिरतात. ही शेवटची गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. आपला जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा विभागलेला आहे. घाटावरून माल भरलेली ट्रॉली घेऊन मलकापूर किंवा खामगावच्या बाजारास जावयाचे तर राजूर घाट किंवा बोथा घाट उतरावा लागतो. त्या उतारावर चालकाचा जीव ज्या ब्रेकवर अवलंबून असतो, ते नीट धरतील की नाही हे काही अंशी त्या तेलावर ठरते.

गिअरच्या दात्यांना निसरडेपणा हवा असतो, तर ब्रेकच्या चकत्यांना पकड हवी असते. या दोन्ही गरजा एकाच तेलाने भागवावयाच्या असल्यामुळे अशा ट्रॅक्टरांसाठी वेगळे तेल बनविले जाते. बाजारात ते ‘वेट ब्रेक ऑईल’ किंवा ‘यूटीटीओ’ या नावाने मिळते. त्याऐवजी साधे नव्वद नंबरचे गिअर ऑईल ओतल्यास गिअर चालतात, लिफ्टही उचलते. पण ब्रेक दाबताच घरघर होते किंवा पकड कमी पडते. सपाट शेतात ही चूक लक्षात येत नाही, उतारावर येते. उलटपक्षी, कोरडे ब्रेक असलेल्या काही जुन्या ट्रॅक्टरांना नव्वद नंबरचे ऑईलच सांगितलेले असते. म्हणून दुकानदाराच्या किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यापेक्षा ट्रॅक्टरबरोबर मिळालेली पुस्तिका प्रमाण मानावी. पुस्तिका हरवली असल्यास मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्थेच्या चाचणी-अहवालांत त्या त्या मॉडेलचे तेल व त्याचे प्रमाण दिलेले असते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील मॉडेलांपुरती ही माहिती काढून ठेवल्यास मोठी सोय होईल.

आता सिंथेटिक तेलाविषयी. साधे तेल खनिज तेल गाळून व शुद्ध करून काढतात. सिंथेटिक तेल रासायनिक क्रियेने घडविलेले असते. ते उष्णतेने फार पातळ होत नाही, थंडीत फार घट्ट होत नाही आणि लवकर करपत नाही. बर्फाळ प्रदेशात त्याचा मोठा उपयोग होतो. आपल्याकडे थंडीत तेल थिजण्याची अडचण नाही. वैशाखातील ऊन आणि सततचा भार यांत मात्र ते अधिक टिकते. घरच्या शेतापुरता ट्रॅक्टर चालविणाऱ्यास योग्य जातीचे साधे तेल वेळेवर बदलणे पुरेसे आहे, असे आमचे मत आहे. वर्षभर भाड्याने रोटाव्हेटर व ट्रॉली चालविणाऱ्याने सिंथेटिकचा विचार अवश्य करावा. पण डब्यावर आपल्या पुस्तिकेतील प्रत लिहिलेली असेल तरच. नुसता ‘सिंथेटिक’ हा शब्द पाहून तेल घेऊ नये. आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारींसाठी तांबडे, पातळ तेल मिळते. तेही सिंथेटिक असू शकते आणि काही ट्रॅक्टरांच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये ते चालते. पण गिअर बॉक्समध्ये ते ओतावयाचे नाही. तसेच जुने सील पाझरत असतील तर आधी सील बदलावे. महाग तेल हे गळतीवरचे औषध नव्हे.

तेल केव्हा बदलावे? पुष्कळ पुस्तिकांत हजार तासांच्या आसपासची मुदत असते; नव्या ट्रॅक्टरची पहिली बदली बरीच आधी येते. मात्र तेल ताकासारखे पांढरट दिसल्यास मुदतीची वाट पाहू नये. त्यात पाणी शिरले असे समजावे. पावसाळ्यात नाल्यातून ट्रॅक्टर काढताना, किंवा धुताना गिअर दांड्याच्या फाटक्या रबरी टोपीतून पाणी आत जाते. शंका असल्यास लोखंडाचा जुना तुकडा तापवून, विस्तवापासून दूर नेऊन, त्यावर तेलाचे दोन थेंब टाकावेत. तडतडले तर पाणी आहे. स्वयंपाकाचा तवा या कामी वापरू नये, हे घरातील मंडळी सांगतीलच.

बदलण्यापूर्वी अर्धा तास ट्रॅक्टर चालवून तेल कोमट करावे. कढत तेलाने हात भाजतो. सपाट जागी उभा करून लिफ्ट खाली टेकवावी, इंजिन बंद करून किल्ली काढावी व चाकांना दगड लावावेत. खालचे सर्व ड्रेन प्लग उघडावेत. ते एकाहून अधिक असतात आणि एखादा विसरला की जुने तेल आतच राहते. मोठ्या ट्रॅक्टरातून चाळीस-पन्नास लिटर तेलही निघते, तेव्हा भांडे तेवढे हवे. प्लगच्या चुंबकावर पिठासारखी करडी लुगदी असल्यास चिंता नको; धातूचे कपचे निघाल्यास मिस्त्रीस दाखवावे. जाळी डिझेलने धुऊन फिल्टर नवा घालावा. नवे तेल कापडातून गाळू नये, कारण धागे पंपात अडकतात. बारीक जाळीचे नरसाळे घ्यावे. डिपस्टिकच्या खुणेपर्यंत भरल्यावर लिफ्ट आठ-दहा वेळा वर-खाली करावी आणि इंजिन बंद करून पातळी पुन्हा पाहावी. बहुधा थोडे तेल आणखी लागते. मग ब्रेकची दोन्ही पेडले खिटीने जोडून सपाट रस्त्यावर सावकाश चालवून ब्रेक पाहावेत. घाटाचा फेरा त्यानंतर.

निघालेले तेल नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. घाटाखालील खारपाणपट्ट्यात गोड्या पाण्याची विहीर किती मोलाची असते, हे तेथील शेतकऱ्यांस सांगावयास नको. गोचिडांसाठी ते जनावरांच्या अंगासही लावू नये; कातडी भाजते आणि जनावर ते चाटते. झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत तेल खरेदीदारास द्यावे. तेलाचे नाव, तारीख व मीटरवरील तास मडगार्डच्या आतल्या बाजूस रंगाने लिहून ठेवावेत. वहीपेक्षा ते लवकर सापडतात.