सत्तर पावलांवर देऊळ

लोणारच्या जुन्या गावात घर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी वर पाहतं. सागवानी सर, त्यावर कड्या आणि त्यावर पेललेलं मातीचं धाबं. "लाकडातच निम्मे पैसे वसूल," असं ते बरोबरच्या माणसाच्या कानात सांगतं. मग भिंतीवर थाप मारतं, देवळीत हात घालून पाहतं, घराचे खण मोजतं आणि भाव ऐकून खूश होतं. एवढ्या पैशात गावाबाहेरच्या लेआउटमध्ये नुसता प्लॉटही येत नाही. बाजार पायाखाली, शाळा जवळ, आणि शेजार असा की रात्री खोकला आला तरी सकाळी तीन जण विचारतात.

मी दस्त लिहितो. आमच्याकडे अर्जनवीस म्हणतात. भाव ठरेपर्यंतचं नाटक पुढच्या ओट्यावर चालतं, त्यानंतरचं माझ्या टेबलावर. खण मोजणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, चतुःसीमा वाचणारी फार थोडी.

एक गुरुजी आले होते. निवृत्तीचे पैसे हातात, सौदा ठरलेला, इसार तेवढा द्यायचा राहिलेला. बेत मोठा होता. घर पाडायचं, दोन मजली बांधायचं, खाली राहायचं आणि वर तळं पाहायला येणाऱ्या पर्यटकांना खोल्या द्यायच्या.

"देऊळ किती लांब?" मी विचारलं.

"लांब कुठलं काका, सत्तर पावलं. ओट्यावर बसलं की देऊळ दिसतं."

विकणाऱ्यानं हेच कौतुकानं सांगितलं होतं, आणि कौतुक खोटं नव्हतं. देऊळ म्हणजे दैत्यसूदन. लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं, चालुक्य काळातलं, बाहेरच्या भिंतींवर हाताएवढी जागा कोरीव कामाशिवाय सुटलेली नाही. ते गावाच्या पोटात आहे, आणि ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. पहिल्या शंभर मीटरमध्ये नवं बांधकाम नाही. १६ जून १९९२ च्या आधीपासून उभं असलेलं घर दुरुस्त करता येतं, पण सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून, परवानगी हातात आल्यावर. पुढच्या दोनशे मीटरमध्ये बांधता येतं, तेही परवानगीनंच. नियम मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

गुरुजींना मी हे सांगितलं. ते थोडा वेळ चष्मा पुसत बसले.

"म्हणजे घर माझं, सातपिढ्यांचं केलं तरी माझं, पण मजला चढवायचा नाही?"

"नाही."

"मग त्यानं मला सांगितलं का नाही?"

तुम्ही विचारलं नाही म्हणून. आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात सोयीचं उत्तर. विकणारा काही लबाड नव्हता. त्याच्या वडिलांनी, आजोबांनी त्या घरात जन्म काढला, तिथं कुणाला मजला चढवायचाच नव्हता. नव्या पिढीला चढवायचा होता, म्हणून तर ती मंठा रस्त्याकडे प्लॉट घेऊन गेली आणि घर विकायला निघालं. भाव कमी का, या प्रश्नाचं निम्मं उत्तर यातच आहे. लोणारात एवढंच एक देऊळ नाही; विवराच्या काठानं आणि आत मिळून बरीच आहेत. तेव्हा जुन्या भागात घर पाहताना टेप देवळापासून सोडायचा, आणि तोही गाभाऱ्यापासून नव्हे, संरक्षित हद्दीपासून.

उरलेलं निम्मं उत्तर भिंतीत असतं. जुन्या घरांची भिंत दोन-अडीच फूट जाड, आत माती, बाहेर दगड, आणि बरेचदा दोन घरांत मिळून एकच. एका सौद्यात घर कागदावरच्या मापापेक्षा कमी भरलं. शेजारच्या आजोबांना बोलावलं. ते म्हणाले, "भित मही. खुट्या त्यांच्या. मह्या बापानं खुट्या ठोकू दिल्या व्हत्या." तो करार कुठं लिहिलेला? कुठंच नाही. जुनं खरेदीखत काढलं तर पूर्वेला लिंबाचं झाड आणि पश्चिमेला अशा माणसाचं घर, ज्याच्या नातवानं ते कधीच विकलेलं. लिंब तर कुणी पाहिलेला नव्हता. शेवटी मिळकत पत्रिका आणि नकाशा काढून, मोजणी करून, शेजाऱ्याची संमती लेखी घेऊन भिंत सामाईक अशी नोंद केली, तेव्हा दस्त पुढं सरकला. घेणारा तोवर वैतागला होता. पण ही कटकट त्यानं तेव्हा केली नसती, तर पहिल्या पावसात भिंत फुगल्यावर दुरुस्तीचा खर्च कुणाचा यावर दोन्ही घरांची बोलचाल बंद झाली असती.

लोकांची मोठी भिस्त नगर परिषदेच्या कर पावतीवर असते. आजोबांच्या नावाची पावती प्लास्टिकच्या पिशवीतून इतक्या जपून काढतात की नको म्हणायला जीव होत नाही. पण कर भरणं वेगळं आणि मालकी वेगळी. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचं घर नोंदणीशिवाय विकत घेता येत नाही, हा नियम जुना आहे. तरी साध्या कागदावर, चार पंचांच्या सह्यांवर हात बदललेली घरं जुन्या गावांत निघतातच. म्हणून तीस वर्षांचा शोध घ्यायचा, सूची दोनचे उतारे काढायचे आणि वारसांची नावं लागली आहेत का ते पाहायचं.

वारसांवरून आठवलं. तीन भाऊ सह्या करायला आले. चौथी बहीण जिंतूरकडे दिलेली. "ती हक्कसोड करते, तिला काय पाहिजे?" थोरला म्हणाला. तिला फोन लावला. दुसऱ्या दिवशी बाई एसटीनं आली, डोक्यावर पदर, हातात पिशवी, आणि पिशवीत आधार कार्ड, पॅन कार्ड, बँकेचं पासबुक. भावांना चहा पाजला आणि मला म्हणाली, "काका, हक्कसोड लिहू नका. लिहून देणार म्हणून मह्यं नाव घाला, आन् मह्या वाट्याचा चेक अलग."

थोरला लालबुंद झाला. मधला हसला. मी लिहायला घेतलं. कारण वडिलांच्या स्वतःच्या कमाईच्या घरात मुलीचा वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. वडिलोपार्जित मिळकतीत तो २००५ च्या दुरुस्तीनं देशभर मुलाच्या बरोबरीचा झाला. ती दुरुस्ती आली तेव्हा वडील हयात असायला हवे होते का, हा वाद ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात मिटवला: गरज नाही. बहिणीला वगळून झालेला दस्त स्वस्त पडतो तो घेणाऱ्याला नव्हे. घेणाऱ्याच्या घरी पुढं नोटीस येते.

२०२० च्याच जूनमध्ये आमच्या तळ्याचं पाणी गुलाबी झालं. पाणी घटून खारेपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांनी रंग धरला, असं पुण्याच्या आघारकर संस्थेत तपासून निघालं. नोव्हेंबरात रामसरच्या यादीत नाव आलं. तेव्हा टाळेबंदीतही फोन यायचे, पुण्याहून, ठाण्याहून: "जुन्या गावात तळं दिसेल असं घर आहे का?" आता तळं आहे विवराच्या तळाशी, काठापासून शंभर मीटरहून जास्त खाली. गल्लीतल्या ओसरीवरून ते कसं दिसणार? आणि विवर म्हणजे अभयारण्य, तिथं खिडकी ठेवायला जागा कुणी देत नाही. एका दलालानं मात्र एका गिऱ्हाइकाला धाब्यावर चढवून लांबची झाडी दाखवली आणि त्यामागंच तळं आहे म्हणून सांगितलं. खोटं काहीच नव्हतं त्यात.

रोखीचा किस्सा प्रत्येक आठवड्याला घडतो, म्हणून थोडक्यात. "कागदावर कमी दाखवा, बाकीचे हातावर." शासनाच्या बाजारमूल्य दराखाली दाखवलं तरी मुद्रांक त्या दरावरच लागतो, आणि १ जून २०१५ पासून घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. ऐकलं की विकणारेच चेकबुक शोधायला लागतात.

गुरुजींनी नाकारलेलं घर महिनोन्‌महिने तसंच होतं. मग एक अंगणवाडीतल्या ताई दिराला घेऊन आल्या. त्यांनी वर पाहिलं, पण लाकडाचा हिशेब केला नाही. "गळतं का?" एवढंच विचारलं. गळत होतं, धाब्यावर पावसाळ्याआधी खारी माती पसरावी लागते आणि ती मागच्या काही वर्षांत कुणी पसरली नव्हती. देवळाचं अंतर, परवानगी, सगळं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला राहायचंय काका, बांधायचं कुठंय?" तेवढ्यावर त्यांनी भाव आणखी पाडून घेतला, हेही सांगतो. खरेदीखत त्यांच्या एकटीच्या नावानं केलं, कारण बाईच्या नावावर राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. बँकेनं मात्र कर्ज जागेच्या किमतीवर मोजलं, मातीच्या घराला फारसं धरलं नाही. उरलेले पैसे त्यांनी बचत गटातून आणि माहेरून उभे केले. छताच्या दुरुस्तीचा अर्ज आधी, काम नंतर, असंच त्यांनी केलं.

तेव्हा दुकान काढायचं, मजले चढवायचे, गाडी दारात लावायची असेल तर गावाबाहेरचा अकृषक झालेला प्लॉट घ्या, महाग पडला तरी. नुसतं राहायचं असेल तर जुनं लोणार आजही स्वस्त आहे आणि चांगलं आहे. फक्त टेप, नकाशा आणि बहिणीचा फोन नंबर घेऊन या, आणि इसार द्यायच्या आधी या.