पंक्तिप्रपंचाचें फळ

पंगतीस बसलेल्यांपैकीं एकाच्या पानावर तुपाची धार आणि शेजारच्या पानावर चार थेंब, याला आपल्याकडे पंक्तिप्रपंच म्हणतात. अन्न थोडें असलें तर मनुष्य तें आनंदानें वांटून खातो. परंतु वाढणाऱ्या हातांतील भेद त्याला सहन होत नाहीं. घरचा हा न्याय मोठ्या उद्योगांसही कसा लागू पडतो, तें अमेरिकेंतील युनायटेड पार्सल सर्व्हिस या घरपोंच सामान पोंचविणाऱ्या कंपनीच्या इतिहासांत दिसून येतें.

१९०७ सालीं सिॲटल शहरीं जिम केसी या एकोणीस वर्षांच्या तरुणानें शंभर डॉलर उसने घेऊन निरोप पोंचविण्याचा धंदा काढला. त्याचीच पुढें ही कंपनी झाली. टीमस्टर्स या कामगारसंघाशीं केसीनें आरंभींच सलोखा ठेवला. हाताखालच्या माणसांतूनच अधिकारी निवडावे आणि त्यांस कंपनीचे भागीदार करावें, अशी तेथील रीत असे. त्यामुळें मालक आणि चाकर यांच्यांतील अंतर फारसें वाढलें नाहीं.

पुढें मात्र काटकसरीच्या नांवाखालीं घरांतच दुसरी पंगत मांडली गेली. सामानाची चढउतार व निवड करण्यास अर्धवेळ माणसें नेमण्यांत येऊं लागलीं. १९८२ च्या करारानें त्यांचें आरंभींचें वेतन तासास ८ डॉलर ठरलें. १९९७ सालींही तें आठच होतें! पूर्णवेळ गाडीवाल्यांस मात्र सुमारें २० डॉलर मिळत. अखेर ४ ऑगस्ट १९९७ रोजीं सुमारें १,८५,००० कामगारांनीं संप पुकारला. विशेष हें कीं, चांगलें वेतन मिळविणारे गाडीवालेही धाकट्या पंगतीसाठीं पान सोडून उठले. रोज दाराशीं येणारीं हीं माणसें लोकांच्या ओळखीचीं. म्हणून लोकमतही त्यांच्याकडेच झुकलें. दोन आठवड्यांनीं कंपनीनें १०,००० नव्या पूर्णवेळ जागा देण्याचें कबूल केलें.

हा धडा फार काळ टिकला नाहीं. १९९९ सालीं कंपनीचे भाग खुल्या बाजारांत आले आणि परक्या भागधारकांचें समाधान हेंही एक कर्तव्य होऊन बसलें. २०१८ च्या करारांत कमी वेतनाच्या गाडीवाल्यांचा निराळाच वर्ग निर्माण झाला. मतदान करणाऱ्या बहुसंख्य कामगारांनीं तो करार नाकारला, तरी संघाच्या नियमांतील तरतुदीच्या आधारें पुढाऱ्यांनीं तो पत्करला. अविश्वास आतां दुहेरी झाला. २०२३ सालीं सुमारें ३,४०,००० कामगार संपाच्या उंबरठ्यावर आले, तेव्हां कोठें तो वर्ग रद्द झाला आणि अर्धवेळ कामगारांस तासास किमान २१ डॉलर मिळाले.

व्यवस्थापकांचीही बाजू आहे. संघ नसलेले प्रतिस्पर्धी स्वस्तांत काम करतात आणि ॲमेझॉनसारखें मोठें गिऱ्हाईक आपलें सामान स्वतःच पोंचवूं लागलें आहे. २०२४ सालीं १२,००० आणि २०२५ सालीं २०,००० जागा कमी करण्याचें कंपनीनें जाहीर केलें. अडचण खरी असेल. पण वर्षानुवर्षें भेदानें वाढलेल्या माणसांस ती खरी वाटावी कशी? कर्त्या पुरुषाचा शब्द संकटकाळीं घर मानतें, तें त्यानें सुकाळांत सर्वांस सारखें वाढलेलें असतें म्हणून. हा विश्वास ऐन वेळीं उसना मिळत नाहीं. तो आधींच सांठवावा लागतो.