प्रयोगाच्या पुरवणींतील आंकडे

शेतकी प्रयोगाचा निकाल वाचतांना आपली दृष्टि प्रथम एकाच आंकड्यावर जाते: अमुक खतानें उत्पन्न इतकें वाढलें. परंतु तें रान हलकें होतें कीं भारी, पाऊस केव्हां पडला, खत न घातलेल्या वाफ्यांत काय पिकलें, ही माहिती निबंधांत क्वचितच मावते. ती पुरवणीच्या कोष्टकांत असते. तीं कोष्टकें मिळालीं नाहींत तर निकाल आपल्या जमिनीस लागू पडेल कीं नाहीं, हें शेतकऱ्यानें ठरवावें कशावरून?

इंग्लंडांत रॉथॅमस्टेड येथें जॉन लॉज व हेन्री गिल्बर्ट यांनीं १८४३ सालीं ब्रॉडबाल्क नांवाच्या शेतांत गव्हाचा प्रयोग आरंभिला; तो आजहि चालू आहे. एका पट्ट्यास शेणखत, कांहींस निरनिराळीं रासायनिक खतें, एकास कांहींच नाहीं. उत्पन्न वहींत चढवीत व धान्य, काड आणि माती यांचे नमुने भरून ठेवीत. तीं टिपणें जपलेलीं होतीं म्हणूनच १९१९ सालीं तेथें आलेल्या रोनाल्ड फिशर यांस १९२१ मध्यें पिकाच्या चढउताराचे प्रकार वेगळे काढून दाखवितां आले. सावकाश होणाऱ्या बदलांच्या मुळाशीं तण असावें, असें त्यांचें अनुमान होतें. खुरपणीचा खर्च वाचविणाऱ्यांनीं हें ध्यानीं घ्यावें!

पुढें २००५ सालीं जुन्या नमुन्यांनींच साक्ष दिली. १८४४ पासूनच्या नमुन्यांतील डीएनए तपासतां असें दिसलें कीं, गव्हाच्या पानांवर डाग पाडणाऱ्या दोन जातींच्या बुरशीचें परस्पर प्रमाण हवेंतील गंधकाच्या धुराबरोबर बदलत गेलें होतें. नमुने भरणाऱ्यांस डीएनए हा शब्दहि ठाऊक नव्हता.

मात्र कोष्टक जोडलें म्हणजे तें निर्दोष झालें, असें आम्ही म्हणत नाहीं. मनुष्याच्या कांहीं जनुकांचीं नांवें ‘मार्च-१’, ‘सेप्ट-२’ अशीं होतीं. एक्सेल हें संगणकावरील हिशेबाचें साधन त्यांस तारखा समजून बदलून टाकी. २०१६ सालच्या तपासणींत, जनुकांच्या याद्या एक्सेलमध्यें जोडणाऱ्या निबंधांपैकीं सुमारें पंचमांशांत हा दोष सांपडला. अखेर २०२० च्या सुमारास त्या जनुकांचींच नांवें बदलावीं लागलीं. पुरवण्या खुल्या होत्या म्हणून चूक दिसली; कपाटांत असत्या तर कोणास दिसती?

आपल्या तालुक्यांत कोणी प्रात्यक्षिकाचा निकाल सांगूं आला, तर त्यास बिनखताच्या वाफ्याचें उत्पन्न, पेरणीची तारीख व पावसाचें मान विचारावें, आणि तें लेखी मागावें.