चीनला यंत्र पाहायला जाताना

अहमदपूर तालुक्यात जिथे एके काळी ज्वारी डोलत असे, तिथे आता सोयाबीन आणि तूर उभी असते. माल घरात आला की लातूरच्या अडतीवर जातो, तिथून डाळमिलमध्ये जातो, आणि तुरीची डाळ झाली की मधला नफा मिलवाल्याच्या पदरात पडतो. हे ध्यानात आल्यावर गावोगावचे तरुण आणि शेतकरी उत्पादक कंपन्या स्वतःची डाळमिल घालू लागल्या आहेत. चांगली गोष्ट आहे. पण डाळ भरडली म्हणजे भाव मिळाला, असे होत नाही. पोत्यात मूठभर डागी दाणा निघाला, साल राहिलेली डाळ किंवा एखादा खडा दिसला, की व्यापारी क्विंटलमागे भाव पाडतो. बायामाणसे बसवून निवडून घ्यावे तर मजुरी परवडत नाही.

म्हणून मिलवाल्याचे लक्ष रंग पाहून दाणा निवडणाऱ्या यंत्राकडे जाते. आपल्याकडे त्याला सरसकट 'सॉर्टेक्स' म्हणतात. मुळात हे एका विलायती कंपनीचे नाव, पण ते आता सगळ्याच यंत्रांना चिकटले आहे. उतरत्या पन्हळीतून डाळ घसरते, कॅमेरा प्रत्येक दाणा पाहतो, आणि वेगळ्या रंगाचा दाणा आला की हवेची बारीक पिचकारी त्याला बाजूला उडवते. ही यंत्रे बनविणारे अनेक कारखाने चीनच्या अनहुई प्रांतातल्या हेफेई शहरात आहेत. तेव्हा 'एकदा चीनला जाऊन स्वस्तात यंत्र घेऊन यावे' असा विचार कोणाच्याही मनात येणे साहजिक आहे.

जायला हरकत नाही. मात्र बँकेचे कर्ज काढून जाणार असाल, तर त्या कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर चढतो, हे विसरू नये. यंत्र बिघडले म्हणून बँक थांबत नाही. म्हणून पहिली खेप पाहण्यासाठी करावी, पैसे देण्यासाठी नव्हे. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो, जमले तर औताला जुंपून पाहतो, आणि मगच विसार देतो. त्याहून कितीतरी महाग यंत्र मात्र मोबाईलवरच्या चित्रावरून घ्यायचे, हा कुठला न्याय?

आधी घरचा अभ्यास

निघण्यापूर्वी एक साधी चौकशी करावी. मोठ्या चिनी कंपन्यांचे प्रतिनिधी भारतात आहेत. त्यांनी बसवलेले यंत्र आसपासच्या एखाद्या मिलमध्ये तुरीवर चालत असेल, तर आधी ते पाहून यावे आणि मिलच्या मालकापेक्षा ते यंत्र चालविणाऱ्या माणसाशी बोलावे. हवेचे व्हॉल्व्ह किती टिकतात, बिघाड झाला तर मिस्त्री किती दिवसांनी येतो, हे तोच खरे सांगेल. पुष्कळदा एवढ्या चौकशीतच कळते की परदेशवारीची गरज नाही. अनुदानातून यंत्र घ्यायचे असेल, तर परदेशातून आणलेले यंत्र त्या योजनेत बसते का, हेही कृषी कार्यालयात आधीच विचारून घ्यावे. नंतर विचारून उपयोग नसतो.

तरीही जायचे ठरले, तर वेळ नीट निवडावी. दक्षिण चीनमधल्या ग्वांगझू शहरात, म्हणजे जुन्या कँटनमध्ये, १९५७ पासून मोठी व्यापारी जत्रा भरते. ती वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, तीन टप्प्यांत असते. यंत्रांचा टप्पा पहिला, तो १५ एप्रिल आणि १५ ऑक्टोबर या सुमारास सुरू होतो. ऑक्टोबरात आपल्याकडे सोयाबीनची काढणी ऐन भरात असते, तेव्हा आपल्या शेतकऱ्याला एप्रिलची जत्रा सोयीची. जत्रेत दहा कंपन्या एका छपराखाली भेटतात. त्यांतल्या दोन-तीन निवडून मग रेल्वेने हेफेई गाठावे आणि कारखाना स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. चिनी नववर्षाच्या आसपास मात्र जाऊ नये. २०२७ मध्ये ते ६ फेब्रुवारीला आहे. त्या दिवसांत कामगार गावी जातात आणि कारखाने कित्येक दिवस बंद असतात. १ ऑक्टोबरपासूनचा आठवडाही तिकडे राष्ट्रीय सुटीचा.

पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून अधिक शिल्लक असावी. व्यापारी कामासाठी चीनचा 'एम' वर्गाचा व्हिसा लागतो आणि त्याला तिकडच्या कंपनीचे किंवा जत्रेचे निमंत्रणपत्र जोडावे लागते. दोन्ही देशांतली थेट विमाने २०२० मध्ये बंद पडली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता ते ग्वांगझू हे विमान पुन्हा सुरू झाले, पाठोपाठ दिल्लीहूनही. पुष्कळ लोक हाँगकाँगमार्गे जातात. त्यात एक खोच आहे. हाँगकाँगचा प्रवेश वेगळा मानतात. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल आणि ग्वांगझूहून सहज म्हणून हाँगकाँग पाहायला गेलात, तर परत चीनमध्ये येता येणार नाही.

माल आणायचाच झाला, तर आयात-निर्यात क्रमांक लागतो. तो परकीय व्यापार महासंचालनालयाकडून मिळतो, अर्ज संगणकावरून होतो, आणि दरवर्षी एप्रिल ते जूनच्या दरम्यान त्यातली माहिती ताजी करावी लागते. मुंबईच्या कस्टम्स एजंटशीही आधीच बोलून ठेवावे. धान्य-कडधान्य निवडण्याच्या यंत्रांचे जकातीचे शीर्षक ८४३७ आहे. हा आकडा सांगितला की एजंट जकात किती पडेल आणि कुठला सरकारी दाखला लागेल ते सांगू शकतो. चिनी माणूस सांगतो ती किंमत तिकडच्या बंदरापर्यंतची असते. जहाजाचे भाडे, विमा, जकात, जीएसटी, बंदराचा खर्च आणि न्हावा-शेवापासून अहमदपूरपर्यंत पाचशेहून अधिक किलोमीटरचे ट्रकभाडे हे सगळे कागदावर मांडल्यावर जो आकडा येईल, तीच खरी किंमत.

पिशवीत काय, खिशात काय

घरच्या माऊलीला पहिली चिंता खाण्याची. ती रास्त आहे, कारण तिकडे भाजीतही मांसाचा तुकडा किंवा चरबी असू शकते. 'वो छ्र सू' म्हणजे 'मी शाकाहारी आहे'. हे वाक्य चिनी लिपीत कागदावर लिहून जवळ ठेवावे. बौद्ध देवळांच्या आसपास पुष्कळदा शुद्ध शाकाहारी खानावळी सापडतात. आणि गंमत पाहा, जे सोयाबीन आपण केवळ तेलासाठी आणि पेंडीसाठी विकून टाकतो, ते तिकडचा माणूस सकाळी दूध करून पितो आणि दुपारी पनीर करून खातो. मूळ पीकही तिकडचेच. आज जगात सर्वांत जास्त सोयाबीन बाहेरून विकत घेणारा देशही तोच. चार दिवस या सोयाबीनच्या पदार्थांवर आणि भातावर आरामात निघतात.

शेंगदाण्याची चटणी, चिवडा, शंकरपाळे बांधून द्यावेत. तुपाची बरणी, पेढे, ताजी फळे मात्र घरीच ठेवावीत. दुधाचे पदार्थ आणि फळे चीनच्या विमानतळावर काढून घेतात. बियाण्यालाही मनाई आहे, म्हणून 'आपल्याच तुरीवर यंत्र चालवून पाहू' असे म्हणून तूर पिशवीत टाकू नये. नमुना पाठवायचा तो कंपनीला विचारून, रीतसर कागदपत्रांसह. डागी दाणा, काळा दाणा, साल राहिलेली डाळ यांचे स्वच्छ उजेडात काढलेले मोठे फोटो बरोबर न्यावेत. येतानाही तिकडचे बियाणे खिशात घालून आणू नये. आपल्याकडे २००३ च्या आदेशानुसार परवान्याशिवाय ते आणता येत नाही, आणि नवी कीड रानात आली तर ती गावाला भोवते.

तिकडे चहाच्या टपरीवरही मोबाईलने पैसे देतात. आपले भारतातले मोबाईलचे व्यवहार तिथे चालत नाहीत. अलीपे आणि वीचॅट ही दोन ॲप घरूनच उतरवून, परदेशी चालणारे कार्ड त्यांना जोडून, मुलाकडून शिकून घ्यावीत. थोडे युआन रोखही असावेत. २०२५ च्या अखेरीस एक युआन साधारण साडेबारा रुपयांना होता. गूगल आणि व्हॉट्सॲप तिथल्या जाळ्यावर बंद आहे. आपल्याच सिमवर रोमिंग घेतले तर बहुधा चालते, पण भरवसा नको. घरच्यांशी बोलायला वीचॅट दोन्हीकडे असावे. चीनचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास असते, तेव्हा रात्री दहाला घरून फोन केलात तर तिकडे साडेबारा वाजलेले असतात.

बोलणी

आपल्या बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो. चिनी माणूसही एका हाताच्या बोटांवर दहापर्यंत आकडे दाखवतो, पण त्याच्या खुणा वेगळ्या. अंगठा आणि करंगळी उघडी म्हणजे सहा. अंगठा आणि तर्जनी म्हणजे आठ. आपण आठाला दोन समजून बसलो तर पंचाईत. भाव नेहमी कॅल्क्युलेटरवर दाबून घ्यावा आणि कागदावर लिहून घ्यावा. दुभाषा स्वतःच्या पैशाने वेगळा घ्यावा. विकणाऱ्याने दिलेला दुभाषा गोड बोलतो, पण मीठ तो विकणाऱ्याचे खातो.

भेटकार्ड दोन्ही हातांनी द्यावे-घ्यावे. चहा ओततात तेव्हा दक्षिणेकडे दोन बोटे टेबलावर हलकेच टेकवतात, ते आभार. जेवणात कडक दारूचे पेले फिरतात. माळकऱ्याने किंवा न पिणाऱ्याने सुरुवातीलाच नम्रपणे 'मी चहाच घेतो' म्हणावे, कोणी रागावत नाही. आपली ओळख सांगताना सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव जरूर घ्यावे. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर गेलेला हा मराठी डॉक्टर चिनी सैनिकांची सेवा करता करता १९४२ मध्ये तिथेच वारला. तिकडे त्यांना 'के दीहुआ' म्हणतात, आणि जुन्या माणसांच्या चेहऱ्यावर ते नाव ऐकताच ओळख उमटते. भाव त्याने कमी होत नाही, हे खरे!

कारखान्यात गेल्यावर आधी परवाना पाहावा. त्यावर अठरा आकडी-अक्षरी क्रमांक आणि कंपनीचे चिनी नाव असते. हेच नाव करारावर, शिक्क्यावर आणि बँक खात्यावर अक्षरशः तेच असले पाहिजे. चीनमध्ये सहीपेक्षा लाल गोल शिक्क्याला मान आहे; शिक्क्याशिवाय करार धरू नये. खाते कोणा एका माणसाच्या नावावर असेल, तर तिथेच उठावे. पुढे कधी 'आमचे खाते बदलले' असा ईमेल आला, तर ओळखीच्या माणसाला फोन करून खात्री केल्याशिवाय एक पैसा पाठवू नये. अशा खोट्या ईमेलने भलेभले बुडाले आहेत.

यंत्राबद्दल तीन गोष्टी खोदून विचाराव्यात. चीनमध्ये थ्री-फेज वीज ३८० व्होल्टची, आपल्याकडे ४१५ ची धरतात, आणि आपल्याकडे ती कमी-जास्त होत राहते, हे तर सांगायला नको. तेव्हा मोटर आणि पॅनेल आपल्या विजेचे द्या, असे करारात लिहून घ्यावे. दुसरे, या यंत्राला कोरडी आणि स्वच्छ हवा लागते. हवेत पाणी किंवा तेल आले की व्हॉल्व्ह जातात. कंप्रेसर, हवा सुकविण्याचे यंत्र आणि गाळण्या किमतीत आहेत की नाहीत? तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: बसवून कोण देणार? २०२० च्या गलवानच्या संघर्षानंतर चिनी मिस्त्रीला भारताचा व्हिसा मिळणे फार अवघड झाले होते, आणि आणलेली यंत्रे माणूस नाही म्हणून अडून राहण्याची पाळी अनेकांवर आली. भारतात बसलेला मिस्त्री हवा, आणि वर्षभर पुरतील एवढे सुटे भाग यंत्राबरोबरच यावेत.

पैशाची तिकडची रीत म्हणजे तीस टक्के आगाऊ आणि सत्तर टक्के माल निघण्यापूर्वी. पहिल्या व्यवहाराला बँकेचे लेटर ऑफ क्रेडिट बरे. जहाजावर माल चढल्याचे बिनचूक कागद बँकेत आल्यावरच समोरच्याला पैसे मिळतात. खर्च थोडा वाढतो, पण झोप लागते. पेटीत खरोखर काय भरले हे मात्र बँक पाहत नाही. त्यासाठी माल भरताना तपासणी करणारी त्रयस्थ संस्था नेमता येते.

दुसऱ्याच्या व्यवहाराला जामीन राहू नये, न समजलेल्या कागदावर सही करू नये. २०१२ च्या सुरुवातीला यीवू या बाजारपेठेच्या शहरात दोन भारतीयांना तिथल्या व्यापाऱ्यांनी डांबून ठेवले होते. पैसे बुडवून पळाला होता त्यांचा मालक. भोगावे लागले नोकरांना. भारतीय दूतावासाला मध्ये पडावे लागले आणि व्यापाऱ्यांना जाहीर इशाराही द्यावा लागला. ग्वांगझूत भारताची वकिलात आहे. तिचा फोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवावा आणि पासपोर्टची एक प्रत घरी कपाटात.

परत आल्यावर महिनाभर थांबावे, हिशेब घरात सगळ्यांसमोर मांडावा, बायकोला कर्जाचा आकडा माहीत असावा. मग मागणी नोंदवावी. पेटी दारात आली की ती उघडण्याची घाई नको. आधी सीलचा नंबर कागदाशी ताडून पाहावा, चारही बाजूंनी फोटो काढावेत, कुठे पोचा किंवा पाण्याचा डाग दिसला तर ट्रकवाल्याच्या पावतीवर तसे लिहून त्याची सही घ्यावी आणि त्याच दिवशी विमा कंपनीला कळवावे. क्रेन मात्र आदल्या दिवशीच सांगून ठेवावी.